नायट्रो बोटीचं झाकण लावलं की इंजिन बसतं. हवेची वाट कुठून काढू?

नाळ_वर

नमस्कार मंडळी. रेडिओने चालवायची मॉडेल बोट, ६८० मिमी लांबीची, फायबरची, डीप-व्ही (तळ खोल व्ही आकाराचा). इंजिन ३.५ सीसी मरीन, हेडला (सिलिंडरच्या डोक्याला) पाण्याचं जॅकेट, एक्झॉस्ट मागच्या बाजूने. ट्यून्ड पाइप (जोर वाढवणारा एक्झॉस्टचा नळा) पोटातच आहे, त्याचं टोक ट्रान्सममधून (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीतून) बाहेर निघतं. झाकण पातळ एबीएस प्लॅस्टिकचं, कडेने टेप मारून बंद. इंधन मिथेनॉलचं, त्यात नायट्रो (नायट्रोमिथेन) २० टक्के, तेल १८ टक्के. टाकी १२५ मिली. प्रॉपेलर ४२ मिमीचा, दोन पात्यांचा.

झाकण मागच्या बाजूला बोटभर उचलून ठेवलं तर पूर्ण टाकी इंजिन नीट चालतं. टेप मारून बंद केलं की पहिली दीड-दोन मिनिटं ठीक जातात, मग आरपीएम हळूहळू पडतो, धूर वाढतो आणि वळणावर इंजिन बंद. झाकण काढलं की आतल्या बाजूला तपकिरी चिकट थर दिसतो, आणि पाइपच्या वर एबीएस थोडं खाली बसलेलं आहे. पोटात दोन-तीन चमचे पाणीही असतं.

झाकणाला भोकं पाडायची आहेत. कुठे, किती मोठी, आणि पाणी आत न येता? पुढे तोंड केलेला स्कूप (हवा आत घेणारी खोळ) बसवू का? छोटा पंखा लावला तर चालेल का? रंगकामही त्याच वेळी उरकायचं आहे, त्यामुळे एकदाच कापून मोकळं व्हावं असं वाटतं.

तांडेल३५

कापू नका, आधी तपकिरी थराकडे बघा. तो थर म्हणजे एक्झॉस्टमधलं जळकं तेल. पाइपचं टोक बाहेर असेल तर ते तेल झाकणाच्या आत यायचं काहीच कारण नाही. हेडर (इंजिनातून निघणारी एक्झॉस्टची नळी) आणि इंजिन यांच्यामधला गास्केट, किंवा हेडर आणि पाइप जोडणारा सिलिकॉन कपलर, यांपैकी कुठेतरी गळती आहे. इंजिन स्वतःचाच धूर परत ओढतंय. हवेच्या शंभर भागांत दहा भाग जरी धूर मिसळला तरी तेवढा ऑक्सिजन कमी, पण कार्बमधून (कार्ब्युरेटरमधून) इंधन तेवढंच येत राहतं. म्हणजे मिश्रण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त). तुम्ही लिहिलेली लक्षणं, आरपीएम हळूहळू पडणं आणि धूर वाढणं, रिचचीच आहेत. भोकं पाडून हे झाकलं जाईल, दुरुस्त होणार नाही.

तपासायला दहा मिनिटं लागतात. पाइप, हेडर आणि कपलर इंजिनावरून एकत्र उतरवा. पाइपचं मागचं टोक आणि हेडरचं तोंड रबरी बुचाने बंद करा. टाकीला दाब देणाऱ्या निपलला नळी लावून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब द्या आणि सगळं पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसेल. गास्केटची बाजू अशी तपासता येत नाही. तिथे हेडर परत बसवताना दोन्ही पृष्ठभाग काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा आणि लाल, उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनचा पातळ थर द्या. रात्रभर सुकू द्या. थर जाड लावलात तर तो आत पोर्टमध्ये सरकतो.

धूर परत ओढणं आणि गरम हवा ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण परिणाम एकाच दिशेचा. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर. मे महिन्यात ३८ अंशांना तिथल्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.०६ किलो. बंद पोटात तीच हवा ६५ अंशांवर गेली की घनता ०.९८ वर येते. म्हणजे झाकण बंद केल्यामुळे इंजिनाला सुमारे ८ टक्के हवा कमी मिळते, आणि मिश्रण पुन्हा रिच.

तिसरी गोष्ट मात्र उलट्या दिशेने जाते. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं. इंधनाची नळी हेडरच्या जवळून गेली असेल तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि इंजिन अचानक लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं). आरपीएम क्षणभर वर जातो आणि मग एकदम बसतो. हळूहळू बसणं आणि वर उसळून बसणं यातला फरक कानाने ओळखायला शिका. शंका असेल तर बंद पडल्यावर लगेच ग्लो प्लग (तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारा प्लग) काढा. तार चकचकीत आणि ओली असेल तर रिच, राखाडी, निस्तेज किंवा वेडीवाकडी झाली असेल तर लीन.

उधाण

तांडेल यांच्याशी सहमत, आधी गळती. पण गळती बंद केल्यावरही या बोटीला हवेची वाट लागेलच, त्यामुळे हिशोब करून ठेवू.

इंजिनाची स्वतःची भूक फार नाही. ३.५ सीसी, टू-स्ट्रोक, २४,००० आरपीएम म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ८४ लिटर, सेकंदाला १.४ लिटर. एवढ्यासाठी ३० मिमीचं एक भोक पुरेल. खरी गरज उष्णता बाहेर काढायची आहे. हेडर आणि पाइप मिळून पोटात १५० वॅट उष्णता सोडतात असं धरू. बोट ताशी ५० किमी, म्हणजे सेकंदाला १४ मीटर वेगाने जाते आणि भोकातून हवा त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश वेगाने, सेकंदाला ४ मीटरने आत येते असं धरू. मग ३० मिमीची दोन भोकं (१४ चौरस सेंमी) असतील तर इंजिन ओढतं ती हवा वजा धरून आतली हवा बाहेरपेक्षा सुमारे ३३ अंशांनी गरम राहील. तेच क्षेत्रफळ २७ चौरस सेंमी केलं तर फरक १५ अंशांवर येतो. म्हणून आत येणारी वाट २५ ते ३० चौरस सेंमी, आणि बाहेर जाणारी त्याच्या दीडपट, ४० च्या आसपास.

बाहेर जाणारी वाट मोठी ठेवायचं कारण असं की गरम झालेली हवा फुगते, आणि तिला ओढणारा दाबातला फरकही थोडासाच असतो. लोक पुढे ऐसपैस स्कूप कापतात आणि मागे दोन चिरा ठेवतात. मग हवा आत शिरतच नाही, स्कूपच्या तोंडाशी अडून बाजूने निघून जाते.

जागा कशी ठरवायची? झाकणावर लोकरीचे ३० मिमीचे धागे टेपने ३-३ सेंमी अंतरावर चिकटवा, बोट चालवा आणि मोबाइलवर स्लो-मोशन चित्रीकरण करा. धागा सरळ मागे पडलेला राहतो तिथे वारा चिकटून वाहतो आहे. धागा उलटा फिरतो किंवा उभा राहून फडफडतो तिथे, म्हणजे बहुतेक वेळा कॉकपिटच्या उतारामागे, दाब कमी असतो. बाहेर जायची वाट तिथे. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी वारा अडतो आणि दाब वाढतो. मोटारीतही केबिनची हवा तिथूनच घेतात. आत यायची वाट तिथे.

पुढे तोंड केलेला उघडा स्कूप शक्यतो टाळा. दुसऱ्या बोटीची लाट आडवी आली की तो सरळ चमच्यासारखं पाणी उचलतो. स्कूपच हवा असेल तर झाकणाच्या पातळीत खोल जाणारा नाका (NACA) डक्ट करा. हा आकार अमेरिकेत १९४५ च्या सुमारास विमानांसाठी तयार झाला. त्याचा उतार साधारण ७ अंशांचा, तोंड पुढे अरुंद आणि मागे रुंद. वर काही निघत नसल्यामुळे तो तुषार कमी उचलतो. मात्र कडा धारदार राहिल्या पाहिजेत. रंगाच्या थरांनी गोल झाल्या तर त्याचा उपयोग बराच कमी होतो.

नाळ_वर

धन्यवाद, एवढा हिशोब अपेक्षित नव्हता. एक सांगायचं राहिलं. बोट शेततळ्यात चालते. ३० बाय ३० मीटरचं, प्लॅस्टिक कागद घातलेलं. कडेला शेवाळ असतं. याने काही फरक पडतो का?

उधाण

फार मोठा फरक पडतो, माझा वरचा हिशोब बदलावा लागेल. सेकंदाला १४ मीटर वेगाने ३० मीटरचं तळं दोन सेकंदांत संपतं. म्हणजे तुमची बोट सतत वळणात आहे आणि सरासरी वेग ताशी २५ किमीच्या पुढे जात नाही. भोकातली हवा सेकंदाला ४ नाही, २ मीटरने येईल. क्षेत्रफळ दुप्पट करावं लागेल, किंवा वाऱ्यावर अवलंबून न राहता गरम हवा सरळ वर निघून जाईल अशी सोय करावी लागेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हेडचं पाणी. पिकअपमध्ये (तळ्यातलं पाणी हेडकडे नेणाऱ्या नळीच्या तोंडात) पाणी चढवणारा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. १४ मीटर वेगाला तो साधारण १० मीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो, ७ मीटरला अडीच मीटर, आणि बोट रांगत असताना १ मीटर वेगाला फक्त ५ सेंमी. तेवढ्याने पाणी हेडपर्यंत पोचतसुद्धा नाही. पिकअप सुकाणूच्या पात्यात असेल तर छोट्या तळ्यात तो उपाशी राहतो. प्रॉपेलरच्या मागे, त्याच्या धारेत तोंड असलेली ४ मिमी आतल्या व्यासाची पितळी नळी ट्रान्समवर बसवा. प्रॉपेलर फिरतोय तोवर बोट हळू असली तरी पाणी येत राहतं. पाणी जॅकेटमध्ये खालून घाला, वरून काढा, म्हणजे आत हवेचा फुगा अडकत नाही. बाहेर पडणारी धार बोटीच्या तुमच्याकडच्या कुशीवर काढा, किनाऱ्यावरून सतत दिसली पाहिजे. शेवाळामुळे धार तुटली की थ्रॉटल लगेच सोडा. प्रत्येक टाकीनंतर नळीतून तोंडाने उलटी फुंकर मारा (नळी इंधनाने माखलेली असेल तर आधी पाण्याने धुऊन). एक लक्षात घ्या, हेड गार आहे की नाही याचा पोटातल्या हवेशी संबंध नाही. पाणी हेड थंड करतं. हेडर आणि पाइप मात्र आतली हवाच तापवत राहतात.

आणि एक विनंती. तुमच्या टाकीत १८ टक्के तेल आहे, म्हणजे १२५ मिलीमधलं साडेबावीस मिली. त्यातलं बहुतेक एक्झॉस्टमधून पाण्यावर जातं. शेततळ्यातलं पाणी ठिबकला किंवा माशांना जात असेल तर तिथे ही बोट चालवू नका. मालकाला हा आकडा सांगून मगच परवानगी घ्या.

फायबरवाला

वर म्हटल्याप्रमाणे छोट्या पाण्यात स्कूपचा उपयोग नाही. माझं मत स्पष्ट आहे: इंजिनाच्या डोक्यावर झाकण कापा. ७० बाय ६० मिमीची खिडकी, ४२ चौरस सेंमी. हेड आणि प्लग बाहेर दिसतील, ग्लो ड्रायव्हर (प्लग तापवायचं बॅटरीचं साधन) लावायला झाकण काढावं लागणार नाही. हवा पुढच्या विंडस्क्रीनच्या पायथ्याच्या दोन आडव्या चिरांमधून (प्रत्येकी १०० बाय १२ मिमी) आत, इंजिनावरून वर. बोट उभी असली तरी गरम हवा आपोआप निघते.

खिडकीच्या पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला १५ मिमी उंचीची उभी पट्टी लावा, मागची बाजू मोकळी. झाकणावरून वाहत येणारं पाणी पट्टीला अडून बाजूला जाईल. कार्बचं तोंड या खिडकीच्या बरोबर खाली येत असेल तर त्यावर २० मिमी अंतर ठेवून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं छोटं छप्पर करा. कार्बवर फोमचा फिल्टर लावू नका. तो भिजला की इंजिन गुदमरतं. बारीक जाळीही नको, तिच्या छिद्रांत पाण्याचा पडदा धरतो आणि वाट बंद होते. जाळी लावायचीच असेल तर ३ मिमी घराची.

पुढच्या चिरांच्या आत, झाकणालाच, एक उथळ पेटी चिकटवा: हवा चिरेतून पेटीत, मग २० मिमी उंच आडव्या भिंतीवरून पोटात. पाणी जड असतं, ते भिंतीवरून वळत नाही, पेटीत खाली साचतं. पेटीच्या दोन्ही कोपऱ्यांतून ४ मिमीची नळी झाकणाच्या बाजूने बाहेर काढा. पेटीची वाट चिरेएवढीच रुंद ठेवा, भिंतीवरची फट १२ मिमीपेक्षा कमी नको, नाहीतर सगळा हिशोब तिथेच अडतो.

आता कापण्याबद्दल. पातळ एबीएसला चौकोनी कोपरे कधीच ठेवायचे नाहीत, कंपनाने तिथूनच तडा जातो. आधी चारी कोपऱ्यांना ६ मिमीची भोकं पाडा, मग ती धारदार कटरने जोडा, एकाच रेषेवर सात-आठ हलके हात. दाबून एका दमात कापायला गेलात तर कटर घसरतो. खिडकीच्या भोवती किमान २५ मिमी पट्टा शिल्लक ठेवा. कापून निघालेले तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट लापशी करा. एबीएसला एबीएस जोडायला यापेक्षा चांगला गोंद नाही. पट्ट्या, पेटी, सगळं त्यानेच लावा. आतून खिडकीभोवती २५ मिमी रुंद ग्लास टेप स्लो इपॉक्सीने बसवा. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी उष्णतेत मऊ पडतं, ते इथे वापरू नका.

फायबरच्या भागात कुठे भोक पाडावं लागलं तर दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, ३ मिमीचं पायलट, मग पाण्याचा फवारा मारत कमी वेगाने मोठं करा. एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या, डोळ्यांना गॉगल. काचेची धूळ फुफ्फुसात गेली की सहज बाहेर येत नाही. कापलेल्या कडेला पातळ इपॉक्सी पाजा, नाहीतर उघडे धागे वातीसारखे तेल आणि पाणी शोषतात आणि महिन्याभरात कड फुलते.

पाइपच्या वर जिथे झाकण बसलंय तिथे आतून ॲल्युमिनियमची चिकट फॉइल लावा, चकचकीत बाजू पाइपकडे. पाइप आणि झाकण यांत १२ ते १५ मिमी मोकळी जागा हवी. तेवढी मिळत नसेल तर पाइपचा आधार खाली घ्या. स्प्रिंगचा हूक वापरत असाल तर तो फायबरमध्ये थेट न अडकवता प्लायवूडच्या ठोकळ्यात अडकवा.

रंग शेवटी. स्प्रे कॅनमधले साधे रंग या इंधनाने पुसले जातात. गाड्यांच्या गॅरेजमध्ये मिळणारा टू-के (दोन घटक मिसळून वापरायचा) पॉलियुरेथेन क्लिअर कोट वरून द्या, आतल्या बाजूलाही द्या. त्याच्या वाफा विषारी असतात, बंद खोलीत मारू नका.

तांडेल३५

खिडकीला माझा विरोध नाही, पण दोन अटी आहेत.

एक, बोट उलटली की एवढ्या मोठ्या खिडकीतून पोट काही सेकंदांत भरतं. तरंगायची सोय आधी करा. ढोबळ हिशोब: फायबरचं ७०० ग्रॅम वजन पाण्याखाली साधारण २९० ग्रॅम भरतं, इंजिन-पाइप-शाफ्टचं ९०० ग्रॅम धातू ६५० ते ७०० ग्रॅम. मिळून एक किलो. एक लिटर बंद फोम सुमारे एक किलो उचलतो, म्हणून दीड लिटर भरा. पोहण्याच्या तलावात वापरतात तो ६५ मिमी जाडीचा नूडल अर्धा मीटर घेतला की काम झालं. सगळा नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात) कोंबू नका, अर्धा नाळेत आणि उरलेला इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे बोट उभी न राहता आडवी तरंगेल.

दोन, येणारी गार हवा पाइपवर पडू देऊ नका. ट्यून्ड पाइप आतल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगावर चालतो आणि तो वेग तापमानाच्या वर्गमुळाने बदलतो. आतलं तापमान ३५० वरून ३०० अंशांवर आलं तर वेग ४ टक्क्यांनी कमी होतो. पाइप जिथे २४,००० ला जोर देत होता तिथे तो २३,००० ला देऊ लागेल. खिडकीतून पाइपवर पाणी उडालं तर हाच परिणाम क्षणात होतो, आरपीएम का पडला ते कळतही नाही. हवा कार्ब आणि हेडर यांच्यावरून जाऊ द्या, पाइपच्या पुढ्यात पत्र्याचा आडोसा करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण विसरतात. हवेची वाट उघडली की इंजिनाला गार, दाट हवा मिळते. सुई (कार्बमधलं इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) जुन्याच जागी असेल तर मिश्रण लीन होतं. गळती बंद करून आणि खिडकी कापून जुन्याच सेटिंगवर पूर्ण थ्रॉटल दिलात तर पिस्टन-स्लीव्ह एका टाकीत खराब होऊ शकतात. पहिल्या फेरीआधी हाय-स्पीड सुई पाव फेरा उघडा. भरपूर धूर आणि किंचित घोगरा आवाज घेऊन अर्धी टाकी चालवा, मग सोळाव्या भागाच्या फेऱ्याने बंद करत जा. प्रत्येक बदलानंतर पूर्ण थ्रॉटलचे दोन-तीन फेरे मारा आणि ऐका. सर्वांत तेज आवाजाच्या जागेपासून परत एक-सोळांश उघडं ठेवून थांबा. टाकी संपत आली की दाब थोडा बदलतो, इंजिन आपोआप लीनकडे सरकतं. ती गुंजाइश हवीच.

टाकीची उंचीही बघून घ्या. टाकीची मधली रेघ कार्बच्या जेटच्या पातळीत किंवा १० मिमीपर्यंत खाली. टाकी थेट फायबरवर टेकू देऊ नका, १० मिमी फोमवर ठेवा, नाहीतर कंपनाने इंधनाला फेस येतो आणि वळणावर बुडबुडे ओढले जातात. तुमचं वळणावर बंद पडणं यामुळेही असू शकतं. नळी सिलिकॉनचीच; पेट्रोलच्या इंजिनांची पिवळी नळी इथे नको. ती हेडरपासून किमान ३० मिमी लांबून न्या.

सुकाणू_डावीकडे

पंख्याचं उत्तर राहिलं म्हणून लिहितो. ४० मिमीचा पंखा मोकळ्या हवेत सेकंदाला अडीच लिटरच्या आसपास फेकतो, आणि समोर थोडा अडथळा आला की त्याच्या निम्म्यावर येतो. वरचा हिशोब बघितला तर गरज ९-१० लिटरची आहे. शिवाय ब्रशवाली मोटर असेल तर तिची ठिणगी आणि मिथेनॉलची वाफ एकत्र येतात. मिथेनॉल ११-१२ अंशांच्या वर कधीही पेट घेऊ शकतं आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. पंखा नको.

रेडिओची पेटी मात्र पूर्ण बंदच ठेवा. लोक उत्साहाने तिलाही भोकं पाडतात. रिसीव्हर आणि सर्व्होला (सुकाणू, थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरला) हवा लागत नाही, कोरडेपणा लागतो. सर्व्होच्या दांड्या जिथून बाहेर येतात तिथे सिलिकॉन नळीचे तुकडे किंवा रबरी बेलोज ग्रीस लावून बसवा, पेटीच्या झाकणाला भोवती टेप. पेटी इंजिनापासून पुढे असेल तर बाजूला फॉइल लावा. आणि खिडकीतून हात घालून काही करण्याआधी फेलसेफ तपासा: ट्रान्समीटर बंद केला की थ्रॉटल पूर्ण मिटलंच पाहिजे.

पोटातलं पाणी मोजा आणि रंग बघा. स्वच्छ पाणी असेल तर स्टफिंग ट्यूब (प्रॉपेलरचा शाफ्ट जिच्यातून बाहेर जातो ती नळी) किंवा सुकाणूच्या बाजूने येतंय, ग्रीस भरा. दुधासारखं, तेल मिसळलेलं असेल तर जॅकेटच्या ओ-रिंगमधून किंवा झाकणाच्या कडेने येऊन एक्झॉस्टच्या तेलात मिसळतंय. फ्लेक्स शाफ्ट (प्रॉपेलर फिरवणारी तारेची लवचिक दांडी) ग्रीस भरायला बाहेर काढाल तेव्हा परत बसवताना ड्राइव्ह डॉग (प्रॉपेलरला फिरवणारा खाचेचा तुकडा) आणि स्ट्रट (शाफ्टला मागे धरणारा आधार) यांत ४-५ मिमी फट ठेवा. जोर आला की तार पिळते आणि आखूड होते; फट नसेल तर ती स्ट्रटवर घासते आणि ती उष्णताही पोटात येते.

इंजिनाने पाणी ओढलं तर स्टार्टर लावू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, बोट उलटी धरा, फ्लायव्हील हाताने फिरवून पाणी काढा, थोडं इंधन घाला, परत फिरवा, आणि त्याच दिवशी पाच मिनिटं तरी चालवून मग आफ्टर-रन ऑइल (चालवून झाल्यावर घालायचं गंजरोधक तेल) घाला. मिथेनॉल हवेतलं पाणी खेचतं, त्यामुळे पावसाळ्यात एका रात्रीत बेअरिंगला गंज धरतो.

जाता जाता: प्रॉपेलर बेरिलियम कॉपरचा असेल तर कानस फक्त पाण्यात बुडवून चालवा. त्याची कोरडी धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करते.

नाळ_वर

सर्वांचे आभार. बादलीची तपासणी केली. बुडबुडे कपलरच्या मागच्या टोकातून येतात, आणि आत बघितलं तर कपलर एका बाजूने जळून पातळ झालाय. नवीन कपलर बसवताना काय बघायचं? शेततळ्याच्या मालकाशी बोलणं झालं, पाणी ठिबकलाच जातं, त्यामुळे तिथलं बंद.

तांडेल३५

जळायचं कारण बहुतेक मधली फट. हेडरचं टोक आणि पाइपचं टोक कपलरच्या आत एकमेकांना जवळजवळ टेकली पाहिजेत, एक मिमीपेक्षा जास्त फट नको. फट मोठी असली की गरम वायू सिलिकॉनला थेट लागतो. पाइपची लांबी वाढवायची होती म्हणून कोणीतरी तो मागे ओढलेला असतो; लांबी वाढवायची तर लांब हेडर घ्या, कपलर ताणू नका.

दोन्ही टोकांवरचं तेल ॲसिटोनने पुसा. कपलर दोन्हीकडे किमान १५ मिमी चढला पाहिजे. प्रत्येक बाजूला दोन नायलॉन टाय, त्यांची कुलपं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे दाब गोल बसतो. पाइपचा मागचा आधार मऊ सिलिकॉनमध्ये ठेवा, जखडू नका. इंजिन हलतं, पाइप हलला नाही तर सगळा ताण कपलरवर येतो. परत बादलीत बुडवून बघा. त्यानंतर झाकण न कापता, मागे ८ मिमी फोमचे तुकडे लावून आणि मग टेप मारून, अशा दोन्ही प्रकारे मोठ्या पाण्यावर एकेक टाकी चालवा. सुई आधी पाव फेरा उघडायला विसरू नका. टेप मारूनही पूर्ण टाकी नीट गेली तर पुढच्या दोन चिरा आणि मागे ४० चौरस सेंमी एवढंच कापा. नाही गेली तर फायबरवाला म्हणतात ती खिडकी.